खोट कोणत्या बाजूला

ब्रेक मारला की मोटार डावीकडे ओढते, म्हणजे खोट डाव्या चाकात असणार, असं नांदुऱ्यात ज्याला त्याला वाटत होतं. शेठचं मत तेवढं वेगळं होतं. त्यांच्या मते खोट माझ्या वडिलांच्या उजव्या हातात होती.

बाबा कापसाच्या जिनिंगवाल्या शेठची मोटार चालवत. काळी, विलायती, शेठच्या वडिलांच्या काळातली. थंडीत ती समोरून हँडल मारून सुरू करावी लागे, आणि एका सकाळी ते हँडल उलटं फिरून बाबांचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड बसलं, पण जरा वाकडं. ते वाकडं मनगट गावाला दिसत होतं. चाकाच्या आत काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं. म्हणून ब्रेक मारताच मोटार डावीकडे जाऊन कांद्याच्या ढिगात घुसली, तेव्हा शेठ भर बाजारात ओरडले, "जोर नाही राह्यला तुह्या हातात! स्टेरिंग सरळ धरता येत नाही. आता दुसरा ड्रायव्हर पाहा लागते."

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी आले होते. आमच्या घरात माझ्या आधी मॅट्रिकसुद्धा कुणी झालं नव्हतं. कॉलेजची फी, वसतिगृहाचं जेवण, पुस्तकं, सगळं त्याच हातांवर निघालं होतं. मोटार चालवणं गेलं, तर बाबांची भाकरी जाणार होतीच. पण हात निकामी झाले म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला पुन्हा कुणी उभं करत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा शेठना म्हणाले, "बसा मोटारीत." मला त्यांनी साक्षीला मागे बसवलं. मलकापूरच्या रस्त्याला लागल्यावर मोकळं पाहून त्यांनी दोन्ही हात उचलून छातीशी धरले आणि ब्रेक दाबला. मोटार डावीकडे वळली आणि कडेच्या मुरमात जाऊन थांबली.

"मारतं का बे मले?" शेठ किंचाळले.

"कोणत्या हातानं गेली, सांगा."

शेठ उतरून चाकं पाहू लागले. मोटार मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीचंही मत गावासारखंच. त्यानं डाव्या चाकाचा ब्रेक सैल केला. आता ती सरळ थांबू लागली. शेठ खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बायापोरं घेऊन बुलढाण्याला लग्नाला जायचं होतं.

बाबांनी एक चक्कर मारली आणि जिनिंगच्या आवारात मोटार उभी केली.

"सरळ चालते शेठ, पण वेळेवर थांबत नाही. वापस येतानी राजूर घाटात लेकरंबाळं घेऊन मी हिले उतरवत नाही."

"मंग दुसरा उतरवन."

"दुसऱ्यालेबी उतरवू देत नाही." त्यांनी किल्ली खिशात घातली.

"किल्ली दे. चोर म्हणू काय तुले?"

"म्हणा."

मी बाबांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. मी पुढे होऊन म्हणाले, "शेठजी, दुपारपर्यंत थांबा. आम्ही खोट काढतो." ते पाय आपटत ऑफिसात गेले.

विज्ञानाची पदवी असली तरी मला विचार सुचला तो बैलगाडीवरून. जोडीतला एक बैल थबकला की गाडी त्याच्या बाजूला वळते, कारण दुसरा चालतच असतो. मोटार डावीकडे वळत होती, म्हणजे डावं चाक थबकत होतं. पण ब्रेक मारल्यावर थबकणं हे तर चाकाचं कामच. मग उजवं काय करत होतं? काम करणाऱ्यालाच आपण सैल करून बसलो होतो. मला मनापासून राग आला, जणू ते चाक आमच्याच घरातलं होतं.

मिस्त्रीला बोलावून डावा ब्रेक पुन्हा होता तसा करून घेतला. दोन्ही टायरची हवा सारखी असल्याची खात्री केली. मग बाबांनी मोटार रस्त्यावर नेऊन थोडी पळवली, दोनचारदा ब्रेक मारले आणि आणली. मी पुढच्या चाकांच्या आतल्या ड्रमना हात लावून पाहिला. डाव्यानं चटका दिला. उजवा गारच.

"पोरगी ताप पाहून राह्यली मोटारीचा," मिस्त्री हमालांना म्हणाला. "कॉलेजात हेच शिकवते काय वं?"

"नाही, हे इथंच शिकून राह्यली. जॅक लावा."

पुढचं उजवं चाक उचललं. मी ते हातानं फिरवलं आणि ओरडले, "बाबा, दाबा!" त्यांनी ब्रेक दाबला. चाक आपलं फिरतच राहिलं. आता मिस्त्रीचं हसू थांबलं. चाकामागचा लहान स्क्रू त्यानं ढिला केला; ब्रेक दाबताच तेल उडालं. तेल पोचत होतं, म्हणजे अडचण त्याच्या पुढे होती. ड्रम उघडला. तेलाच्या जोरानं ब्रेकची पट्टी ढकलायचा तो पिस्टन गंजून जागीच अडकला होता.

"माय, काढली तू खोट," बाबा म्हणाले. मिस्त्रीनं पिस्टन घासून, नवं रबर घालून बसवला, आणि मान्य केलं की डाव्याला त्यानं उगाच छळलं.

शेठ आले. बाबांनी त्यांना शेजारी बसवून आवारातच मोटार पळवली, जोरात ब्रेक मारला. ती जागच्या जागी, सरळ.

"चला, गाडी सुधरली," शेठ उतरता उतरता म्हणाले.

"गाडी सुधरली. मी बिघडलो होतो काय?"

"अरे, मनावर काऊन घेतं?"

"चार लोकांत बोलले तुमी. चार लोकांत सांगा."

हमाल पाठीवरचे कापसाचे बोद खाली टेकवून उभे राहिले. मिस्त्री हात पुसत थांबला. शेठनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घेतली नाही.

"त्याच्या हातात खोट नाही," ते पुटपुटले.

"आयकू नाही आलं, शेठ," मागून एक हमाल म्हणाला.

"नाही म्हणतो ना खोट त्याच्या हातात! भोंगा लावू काय आता?"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

"सकाळी किती वाजता निघाचं?" त्यांनी विचारलं.