‘समजा’ सर आणि दोन लॅपटॉप

‘पण समजा...’ एवढं म्हणून ते थांबायचे. चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकानं पुसायचे, उजेडाकडं धरून बघायचे आणि मग सावकाश डोळ्यांवर चढवायचे. तेवढ्या वेळात समोरचा खुर्चीच्या कडेवर आलेला असायचा, कारण त्या ‘समजा’च्या पुढं काय येईल याचा नेम नसायचा.

परंड्याला आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. पोरं त्यांना मागं ‘समजा सर’ म्हणायची. स्टाफरूममध्ये आम्हीही तेच म्हणायचो, उगाच साळसूदपणा कशाला? सहल ठरली की, ‘पण समजा घाटात ब्रेक लागला न्हाय तर?’ गॅदरिंगचा मांडव उभा राहिला की, ‘पण समजा वारं सुटलं?’ आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा ते भाषणाला उभे राहिले आणि समजा सर माझ्या कानाशी पुटपुटले, ‘पण समजा यांना रडू आलं, तर पाणी कुठाय?’ पाणी ठेवलेलंच नव्हतं. रडू मात्र आलं.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला जवळ कोण करणार? तर गंमत ऐका. शाळेत काय, आमच्या गल्लीत काय, कुणालाही फ्रीज, मोटारसायकल, पाण्याची मोटर असं काही मोठं घ्यायचं असलं की सोबत यांनाच न्यायचं. त्यांना त्या वस्तूतलं लई कळायचं असं मुळीच नव्हतं. त्यांना भ्यायचं कसं ते कळायचं. दुकानात उभं राहून ते आपल्या वाटणीचं सगळं भिऊन घ्यायचे आणि आपण हलके होऊन घरी यायचो.

माझी स्कूटी घ्यायला असेच ते आले होते. मी रंग बघत होते. यांनी दुकानदाराला विचारलं, ‘पण समजा बाई पडल्या आणि रस्त्यावर चिटपाखरू न्हाय. तर गाडी उचलणार कोण?’ मग मला त्या भर शोरूममध्ये प्रत्येक गाडी आडवी करून उचलायला लावली. माणसं बघत होती, मी लाजेनं चूर. जी मला उचलता आली ती घेतली. पुढं महिन्याभरातच गावातल्या किल्ल्याच्या खंदकापाशी मी खरंच घसरून पडले. आसपास कुत्रं नव्हतं. उठले, गाडी उचलली आणि शाळेत गेले. त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत,’ आणि चष्मा पुसायला लागले.

घेतलेल्या वस्तूची ते पुढं कितीतरी वर्षं विचारपूस करायचे, लेक दिलेल्या घरी करावी तशी. ‘गाडी काय म्हणते, बाई?’ आपण विसरलेलो असायचो, ते नाही.

आमच्या ऋतुजाला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि माझी झोप उडाली. पाच वर्षांचा अभ्यास, एकुलती एक लेक, आणि तिला बार्शीच्या पलीकडं एकटीला कधी पाठवलेलं नाही. त्यात कॉलेजनं सांगितलं, लॅपटॉप पाहिजे, तोही चांगला. आमचे हे नोकरीला जळकोटला, शनिवारी घरी येणार. फोनवर म्हणाले, ‘तू आणि सर काय ते ठरवा.’ झालं! सगळं माझ्या गळ्यात.

बार्शीच्या दुकानात दोन लॅपटॉप पुढं आले. एक साठ हजारांच्या आतला, काळा, प्लॅस्टिकचा, विटेएवढा चार्जर असलेला. दुसरा लाखाच्या वर, चंदेरी, पातळ. उघडला की ऋतुजाचा चेहरा उजळायचा. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, चित्रं मोठी झाली की स्वस्तातला अडखळतो. हा मक्खनसारखा चालतो. आत्ता हात आखडता घ्याल, नंतर पस्तावाल.’

पैसे अगदीच नव्हते असं नाही. पण दोन्हींतला फरक नेमका हॉस्टेलच्या फीएवढा होता. महागडा घेतला तर पोरीनं कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायचं नाही, लांब कुठंतरी अनोळखी पोरींसोबत खोली घ्यायची आणि दोन बस बदलून यायचं. स्वस्तातला घेतला तर राहायला नीट, पण ऐन परीक्षेत लॅपटॉपनं मान टाकली तर? मला दोन्हीकडून घाम फुटला होता. ऋतुजा एवढंच म्हणाली, ‘मी राहीन गं कुठंबी.’ ते ‘कुठंबी’ ऐकून तर माझं काळीज लकलकलं.

मी सरांकडं बघत होते. त्यांनी आपले प्रश्न काढले. समजा पडला, समजा पाणी सांडलं, समजा लाईट गेली. दुकानदारानं प्रत्येकाला वॉरंटी, बॅकअप, ग्राफिक कार्ड असली उत्तरं फटाफट दिली. सर एका लॅपटॉपवरून हात फिरवायचे, मग दुसऱ्यावरून. चष्मा पुसायचे. आणि मग ते गप्पच झाले. आम्ही काही न घेता परत फिरलो.

एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी मीच चिडले. ‘अहो सर, काहीतरी बोला की! तुम्ही गप्प बसलात तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?’

ते म्हणाले, ‘बाई, फ्रीजची भीती मला कळती. गाडीची कळती. या डब्यात भ्यायचं कशाला, तेच कळंना मला.’

इतकी वर्षं त्यांच्या भीतीला आम्ही हसत आलो होतो. ती नाही म्हटल्यावर माझ्या पायाखालची वाळू सरकली.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले नाहीत. कधी रजा न घेणारा माणूस. त्याच्या दुसऱ्या दिवशी आले ते कपाळाला कुंकू लावून. मला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि इकडं तिकडं बघत म्हणाले, ‘तुळजापूरला जाऊन आलो. चिंतामणीला विचारलं, चंदेरी घ्यावा का.’

आपल्याकडच्यांना चिंतामणी सांगायला नको. पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगते. देवीच्या देवळात एक गोल दगड आहे. त्याच्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनातलं विचारायचं. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही. आता हा माणूस दरवर्षी पोरांना अंधश्रद्धेवर धडा देणारा. त्यानं माझ्या लेकीच्या लॅपटॉपसाठी तिथं जाऊन हात टेकले होते. मला हसू येईना आणि रडूही येईना.

‘काय म्हणाला मग?’ मी विचारलं.

‘फिरलाच न्हाय.’

‘म्हणजे काम लांबणीवर. असंच म्हणतात ना?’

‘लोक म्हणतात तसं. पण बाई, समजा...’ चष्मा निघाला, पुसला गेला. ‘समजा मीच दाबून धरला असंल तर? मागचा माणूस वरडला मला. म्हणला, काका, हात ढिले सोडा की, एवढं रेटल्यावर दगडानं फिरायचं कसं? माझ्या हाताला अजून वळ हायेत, बघा.’

मी बघितलं. खरंच तळहात लाल होते. आणि का कोण जाणे, ते हात बघून मला माझीच लाज वाटल्यासारखं झालं. मी ऋतुजाला आठवडाभर अशीच धरून होते.

संध्याकाळी ते घरी आले. चहाला हातही लावला नाही. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं पाठ केली आणि पोरीसमोर बसले.

‘ऋतुजा, आमी दोघं लई भिऊन झालो. आता तू सांग. तुला कशाची भीती वाटती?’

तिला कुणी हे विचारलंच नव्हतं. ती ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, ‘सर, लॅपटॉप बंद पडंल याची न्हाय वाटत. लांब राहायची बी तेवढी न्हाय. पण तो महागाचा घेतला आणि तो बिघडला, तर मला घरी सांगता येणार न्हाय. आईनं हॉस्टेलचे पैसे घालून मला घेऊन दिला म्हणल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? मी आपली म्हणत राहीन, बरा चाललाय, बरा चाललाय.’

मी काहीतरी बोलायला गेले. सरांनी हात वर केला, बस थांबवावी तसा.

‘ठरलं,’ ते म्हणाले. ‘काळा घ्या. ज्याचं मोडणं घरी सांगता येतं, तीच वस्तू घ्यावी.’ आणि मग गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

तो काळा लॅपटॉप घेऊन ती हॉस्टेलवर राहिली. आणि काय सांगू, त्यानं तिला छळ छळ छळलं! त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. चित्र मोठं झालं की तो बसून राहायचा, मैत्रिणींचे चंदेरी भुर्रकन पुढं जायचे. माझ्या मनात हजारदा यायचं, चुकलंच आपलं. पण ती सगळं सांगायची, हे खरं. लॅपटॉपला शिव्या देता देता मेसच्या भाजीचं सांगायची, तापाचं सांगायची, कॉलेजच्या सरांपुढं बोलताना अडखळली तेही सांगायची. दर रविवारी समजा सर तिला फोन करायचे. मधल्या काळात ते निवृत्त झाले, तरी रविवार चुकला नाही. ‘काय म्हणतो काळा? आणि समजा आज बंद पडला, तर तुझं काम दुसरीकडं ठेवलंय का?’ नाही म्हटलं तर फोन चालू असतानाच ते काम दुसरीकडं उतरवून ठेवायला लावायचे.

शेवटच्या वर्षी, प्रकल्प द्यायच्या तोंडावर, काळ्यानं डोळे मिटले ते मिटलेच. ऋतुजानं पहिला फोन मला केला नाही, सरांना केला. रडत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. विचारलं, ‘काम आत अडकलंय का?’

‘न्हाय सर. रविवारी तुम्ही दुसरीकडं ठेवायला लावलं होतं, तिथं हाय सगळं.’

‘मग झालं तर. गाडी पडली, एवढंच. तुझी आई खंदकापाशी पडली तवा तिनं उचलली का न्हाय? मैत्रिणीचा लॅपटॉप माग आणि बस कामाला. बरं झालं सांगितलंस.’

तिला त्यांचा आवाज बसल्यासारखा वाटला. मागं काहीतरी सारखं वाजतही होतं. तिनं विचारलं, ‘सर, तुम्ही कुठं आहात?’

‘मी व्हय? घरीच की,’ ते म्हणाले.

ते घरी नव्हते. सोलापूरला दवाखान्यात होते, हाताला सुई लावलेली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हे आम्हाला नंतर सांगितलं. ‘फोन घेऊ नका म्हणलं मी, तर म्हणाले, पोरीचा लॅपटॉप बिघडलाय. छातीत दुखतंय हे तर मला बी पंधरा दिवस सांगितलं न्हाय. आन कुणाला कळवू बी दिलं न्हाय. उगं काळजी करतील म्हणले.’ ऋतुजानं प्रकल्प दिला. त्याच आठवड्यात सर गेले.

मला आजही त्यांचा राग येतो. खूप येतो. जगाचं मोडणं ऐकून घेतलं आणि आपलं मात्र झाकून ठेवलं. अहो सर, ‘समजा मलाच काही झालं तर?’ एवढं एकदा म्हणायला काय झालं होतं? आम्ही सगळे कामं टाकून धावत आलो असतो.

यंदा ऋतुजाला नोकरी लागली. नवा लॅपटॉप घ्यायचा तर बार्शीच्याच दुकानातून, असा तिचा हट्ट. पुण्याहून मुद्दाम आली. तिच्यापुढं आता एकच ठेवलेला होता, चंदेरी, आणि पैसे तिचे स्वतःचे होते. तिनं तो उघडला, त्याच्यावरून हात फिरवला, आणि एकदम माझ्या पलीकडं बघितलं. तिथं मागच्या वेळी सर उभे होते. आता तिथं दुकानाचा पंखा होता.

‘घे की,’ मी म्हणाले.

तिनं चष्मा काढला. तिलाही आता चष्मा लागलाय. ओढणीनं पुसला.

‘आई,’ ती म्हणाली, ‘पण समजा...’

माझा हात लगेच तिच्याकडं निघाला. पण मी तिचा हात धरला नाही. दोन्ही हात काउंटरवर ढिले ठेवले आणि म्हणाले, ‘समजा बिघडला, तर मला सांग. आणि समजा माझं काही बिघडलं, तर मी तुला सांगीन.’