सोडलेली होडी

आमच्या आचऱ्यात 'होडी मोडली' असं चुकूनही म्हणायचं नाही. काथ्याच्या सुंभाने फळ्या शिवलेली होडी. सुंभ कुजला की शिवण उसवायची, फळ्या क्रमाने पडवीत रचायच्या आणि पाऊस ओसरला की परत शिवायच्या. याला म्हणायचं 'होडी सोडली'. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. 'डिसमँटल'चा अर्थ सांगताना दरवर्षी हेच उदाहरण देते. तोडफोड नव्हे रे बाबांनो, पुन्हा जोडता येईल असं सुटं करणं! एकदा एक कारटं उठून म्हणालं, "बाई, मी रेडिओ डिसमँटल केलंय, पण परत जोडूक जमना नाय." "मग तू तो मोडलास," मी म्हटलं. वर्ग फिदीफिदी हसला.

माझे बाबा मासेमारीला गेले ते आलेच नाहीत. होडी तेवढी रिकामी किनाऱ्याला लागली. आई कुंकू लावतच राहिली. बाबांचा धाकटा भाऊ, आमचा काका, आला की एकच धोशा लावायचा, "वयनी, दर्भाचो पुतळो करून अग्नी देवया. होडी मोडून टाकूया."

आई पेटायची. "मोडूची नाय! तो इल्यार काय सांगू?"

यंदा शिवण पार कुजली, तेव्हा मीच मधे पडले. "आये, मोडूची नाय. सोडूया."

"परत शिवूक येतली मां?"

"येतली गो."

म्हटलं खरं, पण शिवणार कोण? ती होडी बाबाच शिवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते डावरे, त्यांची गाठ उलटी पडायची. तशी गाठ गावात कुणाला जमत नाही.

फळ्या पडवीत रचल्या. आई नवा सुंभ शेजारी ठेवून तारकर्लीला मावशीकडे गेली. घरात मी एकटी. दुसऱ्या सकाळी फळ्या ओल्या. दव असेल म्हणून बोट जिभेला लावलं, तर खारट! शेजारणीला सांगावं तर ती म्हणणार, मास्तरीण खुळावली.

आई परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका दर्भाची पेंढी घेऊनच दारात. पडवीत पाऊल टाकलं आणि तो थबकला. खालच्या दोन फळ्या शिवलेल्या होत्या. ओल्या सुंभाची गाठ उलटी.

मी आईचे हात धरून पाहिले. कोरडे ठणठणीत, नखांत काथ्याचा एक तंतू नाही. मला रडू फुटलं, भीतीने की आनंदाने, देव जाणे.

"काम अर्धा आसा," आई काकाला म्हणाली. "पुतळो नको."

काका पेंढी तिथेच टाकून निघून गेला. आई चुलीपाशी वळली. घरात आता आम्ही दोघीच होतो.

"तिघांचो भात लाव गो," ती म्हणाली.