माशाचा उपास

आमच्या पालममध्ये पंचफुलाबाईंच्या घरून कुणी उपाशी परत आलं, असं आजवर घडलेलं नाही. जेवून आलेय म्हटलं, तर त्या म्हणतात, "मग अर्धीच घ्या," आणि आख्खी भाकर वाढतात. शाळेत पोरांची खिचडी शिजवण्यात त्यांची उमर गेली, त्यामुळे हाताला थांबायचं माहीतच नाही. मी त्यांची शेजारीण, मला विचारा.

नात निकिता कॉलेजसाठी परभणीला गेली आणि जाताना आपला गोल्डफिश आजीच्या हवाली करून गेली. "आजी, दिवसातून एकदा, चिमूटभर. जास्त न्हाई." पंचफुलाबाईंनी मान हलवली. पण त्या टाकीजवळून गेल्या की मासा काचेशी येऊन तोंड उघडायचा, आणि भुकेल्या तोंडाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही. खाद्याबरोबर ज्वारीच्या भाकरीचा चुराही पडू लागला. मासा चांगला गुबगुबीत झाला. मलाही कौतुकाने दाखवला.

एका सकाळी तो पोट वर करून तरंगताना दिसला. जिवंत होता, पण खाली जायला बघायचा आणि बुचासारखा वर यायचा. पंचफुलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. निकिताने परभणीच्या शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला, बालाजीला, फोन जोडून दिला. त्याने व्हिडिओवर मासा बघितला.

"मावशी, याच्या आत हवेची पिशवी असती, तिच्यावर तो तोल सांभाळतो. पोट फुगलं की पिशवी दबती. पाणी बदला, टाकीत थोडंच ठिवा, आन् दोन-तीन दिवस काईच घालू नका. मग वाटाणा उकडून, साल काढून, बारीक करून एवढासा द्या."

"उपाशी ठिवू?"

"उपाशीच. तेच औषध हाय."

पाणी त्यांनी बदललं. मासा नजरेला पडू नये म्हणून टाकीवर जुनं लुगडंही टाकलं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना घास घशाखाली उतरेना. आपण खायचं आणि त्याने बघायचं? त्यांनी लुगडं उचललं आणि भाकरीचा तुकडा कुस्करून पाण्यात सोडला. मासा पार आडवा झाला.

संध्याकाळी निकिताचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. तिला टाकीच्या तळाशी चुरा दिसला. "भाकर कुणी टाकली?"

"तुझ्या आजोबानं," पंचफुलाबाई म्हणाल्या.

त्यांचे मालक दत्तराव शेजारीच बसले होते. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं आणि फोनकडे तोंड करून म्हणाले, "चुकलं बाई."

आजोबांपुढे कधी आवाज न चढवलेली पोरगी त्या दिवशी त्यांना नाही नाही ते बोलली. दत्तरावांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

त्यानंतर मात्र पंचफुलाबाईंनी टाकीत कणही पडू दिला नाही. त्या दिवसांत घरात कुणाशी धड बोलल्या नाहीत. मी गेले तर मला चहासुद्धा विचारला नाही, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आतून खातंय. पुढे वाटाणा दिला. मासा हळूहळू सरळ झाला आणि तळाला जाऊन आला. मी तिथे असतानाच निकिताचा फोन आला, मासा बघून ती हरखली. "आजी, तूच वाचवलंस त्याला. आजोबानं तर मारलाच होता."

"भाकर मीच टाकलती," पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या. "मी खोटं बोलले. लय लाज वाटायली मला."

निकिताने आजोबांना फोनवर बोलावलं. मग म्हणाली, "आजोबा, तुमी का ऐकून घेतलं?"

"तुझ्या आजीनं वाढलेलं मी कवा न्हाई म्हणलोय?" दत्तराव म्हणाले.

त्यानंतर ते जेवायला बसले. जेवण संपत आलं तसा पंचफुलाबाईंनी वरणाचा डाव पुन्हा भरला, ताटापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"वाढू का?" असं त्यांनी विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दत्तराव जरा गोंधळले. "नगं," म्हणाले. "पोट भरलंय."

त्यांनी डाव परत पातेल्यात ठेवला आणि पदराने डोळे पुसत आत गेल्या.