शिल्पावरच्या कुरडया

“ओ काकू, उचला ते! शिल्प आहे ते!” रखवालदार असा ओरडला की अर्ध्या शहरातली कबुतरं उडाली असावीत.

आमच्या नव्या कलादालनाला भिंत नाही, फाटक नाही. शहरानं सरळ आत चालत यावं, अशी म्हणे त्यामागची कल्पना. त्याप्रमाणे समोरच्या चाळीतल्या काकू आल्या आणि अंगणातल्या पांढऱ्याशुभ्र उतरत्या शिल्पावर धुतलेलं लुगडं अंथरून त्यांनी कुरडया घातल्या.

“ओल्या आहेत रे! आत्ता उचलल्या तर लगदा होईल. वर्षाचं वाळवण आहे माझं!”

दोन दाढीवाले रसिक कुरडयांभोवती मान तिरकी करून फिरत होते. खोटं कशाला सांगू, तिसरा मी होतो.

“साहेब, तुम्हीच सांगा, काय करू?” रखवालदारानं विचारलं. मला काय कळणार? कला कुठं संपते आणि अंगण कुठं सुरू होतं, हे आजवर भिंतच ठरवत आली. ती इथं बांधलीच नाही आणि तो विचार माझ्या डोक्यावर येऊन पडला. अजून तिथंच आहे.

शेवटी रखवालदारच कावळे हाकत उभा राहिला.

“काकू, ही मोकळी जागा कशी वाटते तुम्हाला?” मी विचारलं.

“ऊन चांगलं लागतं,” काकू म्हणाल्या.