हिराचे दहा सेकंद

ज्ञानदेव ओव्हाळ स्वारगेट डेपोत ड्रायव्हर होता, तेव्हा डबल बेल झाली की गाडी सोडायचा. मागून धावत येणारा कोण आहे हे बघायचाही नाही. एकदा सख्ख्या बायकोला, हिराला, त्याने भर उन्हात स्टॉपवर सोडलं होतं. चोपन्नाव्या वर्षी कंपवाताने त्याच माणसाचा पाय न्हाणीच्या उंबऱ्यापाशी खिळवला. हिरा मागे टॉवेल घेऊन उभी राही. "चला की," असं तिने कधी म्हटलं नाही. थांबायची ही सवय हळूहळू तिच्याबरोबर नोकरीवरही जाऊ लागली आणि तिथेच घोटाळा झाला.

नोकरी एका संशोधन संस्थेत, मदतनिसाची, कंत्राटी. काम माश्यांचं, पिकल्या केळ्यावर घोंगावतात त्या चिमुकल्या माश्या. मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून त्यांचं जेवण करायचं. "आम्हाला साखर मिळेना आणि ही माश्यांना गुळाचा शिरा घालते," असं शेजारची सरुबाई म्हणे.

काही माश्या आजारीच जन्मत. पीएचडी करणाऱ्या चैतालीने तिला समजावलं होतं, "हिरामावशी, पेशीत वीज करणारी बारकी जनित्रं असतात, मायटोकाँड्रिया. बिघडलेलं जनित्र पेशी मोडीत काढते. या माश्यांत ते मोडीत काढणंच बंद पडलंय. कंपवाताच्या काही पेशंटच्या मेंदूत असंच काहीसं होतं."

"म्हणजे कायमचं लोडशेडिंग?"

"अगदी." त्या वर्षी महाराष्ट्रात लोडशेडिंग कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

औषधाची परीक्षा सोपी होती. आजारी माश्यांची बाटली टेबलावर आपटायची, की सगळ्या तळाला पडतात. मग दहा सेकंदांत किती माश्या बाटलीवर आखलेल्या रेघेपर्यंत चढल्या ते मोजायचं. औषधाच्या बाटलीला निळी चिठ्ठी, बिनऔषधाच्या बाटलीला पांढरी. चार महिन्यांत निळ्या बाटल्यांनी बाजी मारली. चैताली बंगळूरच्या परिषदेच्या तयारीला लागली. हिराने घरी सांगितलं, "अहो, औषध येतंय." ज्ञानदेवने त्या दिवशी दाढी स्वतःच्या हाताने केली. दोन ठिकाणी कापलं.

मग एका दुपारी, निळी बाटली समोर असताना, हिराचं लक्ष स्टॉपवॉचकडे गेलं. चौदा सेकंद. पुढच्या निळ्या बाटलीला तेरा. पांढऱ्यांना बरोबर दहा. एक माशी रेघेखाली धडपडत होती आणि हिराचा अंगठा कळेवर तसाच थांबला होता. लबाडी तिच्या मनातही नव्हती. ती फक्त थांबली होती, उंबऱ्यापाशी थांबे तशी.

गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. नोकरी राहिली असती, नवऱ्याची आशाही राहिली असती. पण खोट्या आशेने त्याचा पाय उचलला जाणार नव्हता. ती तडक चैतालीकडे गेली.

चैतालीने परिषदेची फाइल मिटली. मग म्हणाली, "छान. मी बंगळूरला जाऊन तुमच्या दयाळूपणावर भाषण देणार होते तर."

"मला काढायचं तर काढा," हिरा म्हणाली. "पण आधी सगळ्या परत मोजू द्या. चिठ्ठ्या तुमच्याकडे ठेवा, मला नुसते नंबर द्या."

अकरा आठवडे ती मोजत राहिली. दहा म्हणजे दहा. एखादी माशी रेघेला टेकता टेकता वेळ संपे, आणि हिराला रडू येई. डोळे पुसून ती आकडा लिही. शेवटी चिठ्ठ्या उघडल्या. निळ्या-पांढऱ्यांत काडीचाही फरक नव्हता. चैतालीने परिषदेला जाणं रद्द केलं आणि सोमवारपासून दुसरं औषध लावलं. मोजायला हिराच.

घरी तिने सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. ज्ञानदेवने विचारलं, "मलाही असंच मोजत होतीस?"

"मोजतच नव्हते. थांबत होते."

"मग मोज." त्याने ड्युटीचं जुनं घड्याळ तिच्या हातात दिलं आणि तो उंबऱ्यापाशी गेला. पाय उचलायला एकतीस सेकंद लागले. तिने एकतीस सांगितले.

दुसऱ्या दिवशी उंबऱ्यापाशी पाय पुन्हा अडला. "ड्रायव्हरसाठी नुसतं थांबून काय होतंय," तो चिडून म्हणाला. "बेल दे."

हिराने तांब्यावर चमचा दोनदा वाजवला. पाय थरथरला, रेंगाळला आणि पलीकडे पडला.

"किती?"

"एकोणीस," हिरा म्हणाली. अठरा म्हणावंसं तिला फार वाटलं होतं.