आतल्या खोलीतला अँप

बाजारात त्यांना दिवेवाले मास्तर म्हणत. दिवे ते विकत नसत. ते गिटारचे जुने अँप्लिफायर दुरुस्त करत, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले. पण दुकानात शिरलं की टेबलावर उघडे पडलेले अँप आणि त्यांत पेटलेले नारिंगी व्हॉल्व्हच आधी दिसायचे, मग लोक दुसरं काय म्हणणार? धंदा कधीच मरायला टेकला होता, मास्तरांचा तोरा मात्र तसाच. नवा, हलका, व्हॉल्व्ह नसलेला अँप कुणी घेऊन आलाच तर दारातूनच वाटेला लावायचे. "टीव्हीवाल्याकडे न्या हो हे. माझ्याकडे कशाला?"

व्हॉल्व्हच्या आवाजाचा विषय निघाला की मग काही खरं नसायचं. तार हळू छेडली तर आवाज गोल आणि स्वच्छ. जोर लावला की तोच आवाज कडेने जरासा फाटतो, मन लावून गाणाऱ्याचा घसा फाटतो तसा. "त्या फाटण्यासाठीच तर लोक एवढं जड धूड पाठीवर वाहतात," मास्तर म्हणायचे. एका गोष्टीवर मात्र त्यांचं डोकं फिरायचं. फ्यूज सारखा उडतो म्हणून काही शहाणे त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून आणत. अशांना मास्तर भर दुकानात सोलून काढत. "घर पेटवायचंय ना? मग काडेपेटी घ्या की, स्वस्त पडेल!"

आणि याच माणसाने स्वतःच्या घरात तेच केलं.

झालं असं, की मास्तरांचा एकुलता एक मुलगा गेला. चोवीस वर्षांचा पोरगा, साध्या तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता हातचा गेला. आतल्या खोलीत त्याची गिटार राहिली, कॉट राहिली आणि अँप राहिला. तो अँप चालू केला की कुणी वाजवत नसतानाही घूं असा जाड, सलग आवाज करायचा. मुलगा कामावरून आला की आधी अँपचं बटण दाबायचा, मग बूट काढायचा. त्यामुळे स्वयंपाकघरात आईला तो आवाज आला, की पोरगा घरी आला हे कळायचं.

आता रोज संध्याकाळी त्या वेळेला ती स्वतः जाऊन बटण दाबायची आणि परत ओट्याशी येऊन उभी राहायची. पाठ खोलीकडे. वळून बघायची नाही. मास्तर दारात चपला काढताना तो आवाज ऐकायचे आणि आत न जाता तिथेच रेंगाळायचे.

कारण तो घूं म्हणजे काही व्हॉल्व्हचा गुण नव्हता. निव्वळ बिघाड होता. आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून ती एकसारखी पुरवणारे छोटे डबे, वाळून गेले होते. मुलाने किती वेळा म्हणून सांगितलं असेल, "बाबा, माझ्या अँपचं बघा ना. सगळा आवाज या घूंमध्ये बुडतो." मास्तरांचं उत्तर ठरलेलं, "या रविवारी बघू." रविवारी गिऱ्हाइकाचा अँप टेबलावर असायचाच. घरचंच तर आहे, कुठे पळून चाललंय?

मग एके दिवशी फ्यूज उडाला. घर एकदम गप्प झालं. नवा घातला, तोही उडाला. कंडेन्सर आता आतून वीज खायला लागले होते.

"ते बदलावे लागतील," मास्तर म्हणाले. "पण मग तो आवाज जाईल."

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली. "फाटका आवाज लोक पाठीवर वाहतात म्हणता ना? मग हाही असू दे माझ्यासाठी. अहो, नुसता चालू करून द्या. दुसरं काही मागत नाही मी."

मुलगा गेल्यापासून वर्षभरात तिने काही मागितलंच नव्हतं. मास्तरांचा धीर सुटला. त्यांनी फ्यूजच्या जागी चांगली जाड तार आवळली. आवाज आला, ती ओट्याकडे गेली, आणि मास्तरांना स्वतःची किळस आली.

पुढच्याच आठवड्यात दुकानातून येताना जिन्यातच त्यांना वास लागला. तापलेल्या वार्निशचा. धावतच आत गेले. ट्रान्सफॉर्मरमधून मेण गळत होतं, आणि बायको मुलाच्या कॉटवर, अँपला टेकून गाढ झोपली होती. त्यांनी प्लग उपटला. ती दचकून उठली.

"अगं, जळून मेली असतीस!"

"मेले असते तर बरं झालं असतं. कोण राहिलंय इथे?"

"मी राहिलोय ना!" मास्तर केवढ्यांदा ओरडले. "मी काय मेलोय?"

ती अँपपासून बाजूला सरकली. म्हणाली, "करा मग. पण दुकानात नका नेऊ. माझ्यासमोर करा."

अँप निवेपर्यंत दुकानातून हत्यारं आणि नवे कंडेन्सर आणून मास्तरांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली. मागचा पत्रा काढला. झटका छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात सवयीने पाठीमागे ठेवून कंडेन्सरमध्ये साठलेली वीज आधी उतरवून टाकली. मग जुने कंडेन्सर कापून नवे जोडले, जाड तार काढून नीट मापाचा फ्यूज बसवला. ती कॉटवर बसून सगळं बघत होती. कुठेही अडलं नाही. चहा ओतून ठेवला असता तर तोही गार झाला नसता.

बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले. घूं नाही, खरखर नाही, काही नाही. खोलीत त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं, आणि ते आता स्वच्छ ऐकू येत होतं.

काम झालं की तपासायचं, ही हाताची सवय. मास्तरांनी मुलाची गिटार उचलून जोडली आणि वरची जाड तार एकदा छेडली. भरदार, गोल आवाज निघाला, कडेला जरासा फाटत गेला आणि हळूहळू विरला. असा आवाज त्या अँपमधून मुलाने कधीच ऐकला नव्हता. गिटार त्यांनी कशीबशी खाली ठेवली.

बायको रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिने जमिनीवर पडलेले जुने कंडेन्सर उचलले, तळहातावर घेऊन बघितले.

"एवढंच काम होतं?" तिने विचारलं.

मास्तरांना मान वर करवेना.

"हो," ते म्हणाले. "एवढंच."