जागा धरणारी गोळी
स्पिरिटचा वास आला की मला शहरातल्या कॅम्प भागातला, ऐंशीच्या दशकातला तो दवाखाना आठवतो. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या मावशीला मी निपाणीहून तपासणीला आणलं होतं. लाकडी बाकावर टेकताच तिनं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं, “गोळी बंद केली मी. आमचे जावई केमिस्ट्री शिकवतात. ते म्हणाले, गोळीची रचना बायकांच्या हार्मोनसारखीच आहे. हार्मोननं गाठ वाढते म्हणता, आन् मला तसलंच खायला घालता व्हय?” बाई हसल्या. “आक्का, बसच्या खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरता न्हवं? तशी ही गोळी. आकार सारखा म्हणून पेशीत हार्मोनच्या जागेवर बसते, पण एक शेपूट जादा असल्यानं गाठ वाढवायचं काम करत नाही. खरा हार्मोन उभाच राहतो.” मावशीला पटेना. “आन् कुणी टॉवेल भिरकावून बसला तर? लई दांडगी असत्यात माणसं.” “म्हणून तर रोज टाकायचा!” मावशीनं तिथंच पाणी मागून गोळी घेतली आणि पुढं बरीच वर्षं जगली. गेल्या महिन्यात तीच गोळी मलाही सुरू झाली. चहाआधी घेते आणि कामाला लागते.